टिंबांच्या खाली

आमच्या चित्रांतली टिंबं बघून लोक खूश होतात. "अहाहा, काय सुंदर टिंबं!" म्हणतात, आणि मला त्यांच्या कानाखाली आवाज काढावासा वाटतो. काढत नाही. मी आयव्ही, आता आजी झालेली बाई, गुडघे धरलेत, आणि पोलीसचौकी वस्तीच्या दुकानाच्या अगदी समोर आहे. पण टिंबांचं कौतुक ऐकलं की डोकं भडकतं ते भडकतंच.

अहो, टिंबं म्हणजे झाकण! पातेल्यावरचं झाकण बघून कुणी जेवायचं विसरतं का? आत काय आहे ते घरच्यांना माहीत. बाहेरच्यानं झाकण बघावं, वास घ्यावा आणि गुमान बसावं. एवढं साधं आहे, आणि तेवढंच या लोकांच्या टाळक्यात शिरत नाही.

टिल्ली माझी आई. म्हणजे जिनं जन्म दिला तिची धाकटी बहीण, पण आमच्यात आईच्या बहिणीला आईच म्हणतात. जन्म देणारी गेली, आणि गेलेल्या माणसाचं नाव आमच्यात घेत नाहीत. टिल्ली आहे, आणि दोघींच्या वाटणीचं ओरडून घेते माझ्यावर. तिच्या बापाचा मुलूख आमच्या वस्तीच्या पश्चिमेला, लाल वाळूच्या उंचवट्यांपलीकडे. त्या मुलखाची ती धनीण. मी राखणदारीण, कारण तो माझ्या आईकडचा मुलूख. धनीण गाते, धनीण चित्र काढते. राखणदारीण शेजारी बसून लक्ष ठेवते. कुठं चुकतंय, कुठं जास्त दिसतंय, कुठं हात आवरायचा, ते तिनं सांगायचं. माझ्या होकाराशिवाय टिल्लीनं रंगात काडी बुडवायची नाही, आणि टिल्लीशिवाय मी एक रेघही ओढायची नाही. त्यावरून आमची भांडणं होतात. रोज होतात. भांडण झालं नाही त्या दिवशी समजायचं, दोघींपैकी एक आजारी आहे.

त्या मुलखात एक झिरा आहे. वरून बघाल तर नुसती वाळू आणि काटेगवत. पण कुठं खणायचं ते ठाऊक असेल तर हातभर खाली पाणी लागतं, गार आणि गोड. आमच्या मूळ पूर्वज बायका चालत चालत तिथं आल्या, बसल्या, आणि त्यांनी तिथं जे केलं ते बायकांचं आहे. आमच्या बायकांचं. ते मी तुम्हालाही सांगणार नाही, उगाच पुढं सरकून बसू नका.

टिल्लीनं त्या मुलखाचं मोठं चित्र काढलं तेव्हा तिचे केस काळे होते. आमची चित्रं विकणाऱ्या चित्रकेंद्राच्या पत्र्याच्या शेडमध्ये कॅनव्हास जमिनीवर पसरला होता आणि आम्ही त्याच्यावरच बसलो होतो, कुत्री हाकलत. टिल्ली गात होती आणि काढत होती. पूर्वेचे झिरे, वाळूचे उंचवटे, बायकांची वाट. काढता काढता ती मधल्या जागेशी आली, आणि गाण्यात इतकी शिरली की जे होतं तेच काढून बसली. खरंखुरं. सगळं.

मी म्हटलं, "आई, झाक."

"अगं थांब की जरा," ती म्हणाली. "केवढं बरं वाटलं काढून."

"बरं वाटलं ना? आता झाक."

मग आम्ही झाकलं. ती पांढरा घेऊन, तिच्या सांगण्यावरून मी पिवळा घेऊन. टिंबाला टिंब, थरावर थर, दुपार सरेपर्यंत. केंद्र चालवणारी गोरी पोरगी डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "का हो झाकलंत? किती छान होतं ते!" टिल्ली म्हणाली, "म्हणूनच." पोरीला काही कळलं नाही, पण तिनं चहा केला.

चित्र विकलं गेलं. ते कुणी घेतलं, कुठं टांगलं, आम्ही विचारलं नाही. टिंबं होती ना वर, मग जाऊ दे कुठंही.

आणि मग खाणवाली कंपनी आली.

त्यांना रस्ता पाहिजे होता. खाण उत्तरेला, डांबरी सडक दक्षिणेला, आणि मधे आमचा मुलूख आडवा पडलेला. त्यांनी नकाशावर पट्टी ठेवली आणि सरळ रेघ मारली. ती रेघ झिऱ्याच्या डोक्यावरून गेली. आम्ही म्हटलं, थोडा वळसा घालून जा की. ते म्हणाले, वळसा महाग पडतो. आम्ही म्हटलं, तिथं आमच्या बायकांची जागा आहे. ते म्हणाले, सिद्ध करा.

सिद्ध करा! टिल्लीची आत्या त्या झिऱ्याचं पाणी पीत मोठी झाली, टिल्लीची नाळ तिकडच्याच वाळूत पुरली आहे, आणि परवा विमानातून उतरलेला माणूस सांगतो सिद्ध करा. मी तेव्हाच दोन शब्द सुनावले असते, पण आमची वकील फ्रॅन, भली पोरगी, माझ्या पायावर पाय देऊन उभी होती.

सुनावणी आमच्याच वस्तीत झाली, बास्केटबॉलच्या हॉलमध्ये. न्यायाधीश शहरातून आले होते, नाक उन्हानं सोलून निघालेले. आमची सगळी वस्ती जमिनीवर बसली. म्हातारे पुरुष एका बाजूला, आम्ही बायका एका बाजूला. दाराबाहेर चुलाण पेटवून चहाचा डबा ठेवला होता, आणि राखेत कांगारूच्या शेपट्या पुरल्या होत्या दुपारच्या जेवणासाठी. पंखे होते, पण वीज नव्हती.

कंपनीचा वकील म्हणजे हॅलोरन. उंच, गुळगुळीत, बोलताना प्रत्येकीला 'मॅडम' म्हणणारा. असल्या माणसाची मला आधीच धास्ती वाटते. त्यानं एक लांबलचक नळकांडं उघडलं, आतून गुंडाळी काढली आणि दोघा जणांकडून ती फळीवर ताणून लावून घेतली.

टिल्लीचं चित्र. तेच.

कंपनीनंच विकत घेतलं होतं ते! शहरातल्या त्यांच्या ऑफिसात, दारातून आत शिरल्या शिरल्या लावलं होतं म्हणे, येणाऱ्याजाणाऱ्यानं बघावं म्हणून. मुलूख टांगायचा भिंतीवर आणि तोच मुलूख उकरायचा मशीननं. टिल्लीनं ते बघितलं आणि तिचा हात माझ्या मनगटावर आला. खूप वर्षांनी भेटलेल्या लेकराकडं बघावं तशी ती चित्राकडं बघत होती.

"सुंदर चित्र आहे, मॅडम," हॅलोरन म्हणाला. "हे तुम्हीच काढलंत ना?"

"मी काढलं," टिल्ली म्हणाली. "ही बसली होती शेजारी."

"हा तुमच्या मुलखाचा नकाशाच आहे, असं तुम्ही पूर्वी सांगितलं आहे. ही वर्तुळं म्हणजे झिरे?"

"हो."

"ही वाट?"

"बायकांची वाट. हो."

"आता आमचा रस्ता साधारण इथून जातो." त्यानं बोट बरोबर मधोमध आणलं. टेकवलं नाही, नशीब त्याचं. "इथं वर्तुळ नाही. वाट नाही. काहीच नाही. नुसती टिंबं आहेत. बरोबर?"

टिल्ली काय बोलणार? समोर दोन्हीकडचे पुरुष बसलेले. तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, नाही.

"मॅडम, मी पुन्हा विचारतो. तुमच्याच हातानं, तुमच्याच नकाशावर, या ठिकाणी तुम्ही काहीही दाखवलेलं नाही. कारण इथं काही नाहीच. असंच ना?"

आता मात्र माझ्या पायावर फ्रॅनचा पाय असून नसून सारखाच होता. मी उठून उभी राहिले. गुडघे कडकड वाजले ते अख्ख्या हॉलला ऐकू गेलं.

"अरे ए साहेबा," मी म्हटलं, "मला तुझी पँट दिसतेय. तेवढीच दिसतेय. म्हणून आत काही नाही असं समजू का मी?"

हॉल फुटला. माझी चुलतबहीण डल्सी हसता हसता मागच्या मागं आडवी झाली. म्हातारे पुरुष तोंडावर टोप्या धरून हसत होते. न्यायाधीशांनी रुमालात तोंड घालून खोकून घेतलं. फ्रॅन खाली मान घालून थरथरत होती. हॅलोरनचे कान लालबुंद झाले.

"म्हणजे या टिंबांखाली काहीतरी आहे, असं तुमचं म्हणणं आहे?" तो म्हणाला.

"आहे. झाकलंय. झाकायला मीच सांगितलं."

"काय आहे?"

"तुला सांगायचं असतं तर झाकलं कशाला असतं, मुडद्या?"

पुन्हा हशा झाला, पण तो हसला नाही. असला माणूस चिडतो तेव्हा जास्त गोड बोलतो. तो न्यायाधीशांकडं वळला आणि एकदम शांतपणे म्हणाला, "साहेब, मग प्रश्न सोपा आहे. शहरातल्या संग्रहालयात यंत्रं असतात. रंगाच्या थरांखाली काय काढलंय त्याचा फोटो येतो. चित्र आमच्या मालकीचं आहे, आमची हरकत नाही. या बाईंना तोंड उघडायचीही गरज नाही. खाली काही निघालं तर आम्ही रस्ता वळवू. माझी खात्री आहे, काही नाही."

हसू बंद झालं.

आमचे म्हातारे पुरुष उठले. एकही शब्द न बोलता, एकमेकांकडं न बघता, टोप्या घालून ओळीनं दारातून बाहेर गेले. माझा भाऊ लेस, ज्याला चालताना आधार लागतो, तोसुद्धा भिंत धरून गेला. जिथं बायकांचं उघडं पडायची भाषा होते तिथं बसायचं नसतं, हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही. हॅलोरनला वाटलं, जेवायला गेले. न्यायाधीश मात्र दाराकडं बराच वेळ बघत राहिले.

"जेवणानंतर निर्णय देतो," ते म्हणाले.

जेवण कसलं! फ्रॅन आमच्यामागून चुलाणापाशी आली. घाईघाईनं सांगू लागली. बंद खोलीत फक्त बायकांसमोर सांगता येईल, मी बाई-न्यायाधीश मागून घेते, पण वेळ लागेल, आणि जे सांगाल ते टाइप होणार, फायलीत लागणार.

"फाईल कोण वाचणार?" मी विचारलं.

ती म्हणाली, "कोर्टातले लोक. त्यांचे वकील."

"म्हणजे तो पँटवाला."

"त्याला मनाई करता येईल."

"कागदाला मनाई कळते का गं?"

पोरीचे डोळे भरले. तिचा काय दोष? मी तिच्या हातात शेपटीचा तुकडा दिला आणि म्हटलं, खा.

टिल्ली वाळूत पाय पसरून बसली होती. शेपूट तशीच हातात. मी सुरीनं तिला तुकडे करून देऊ लागले तर म्हणाली, "काढू दे त्यांना फोटो."

"काय?"

"काढू दे. मी म्हातारी झाले. जागा वाचेल. तो म्हणाला ना, काही निघालं तर रस्ता वळवू."

"आणि मग तो फोटो? भिंतीवर लावतील ते! एवढा मोठा करून! पुरुष बघतील, पोरंटोरं बघतील, चहाच्या कपावर छापतील!"

"ओरडू नकोस माझ्यावर. मुलूख माझा आहे."

"आणि राखण माझी आहे!"

"मग राख की!" टिल्ली अशी ओरडली की कुत्री पळाली. "नुसती 'नाही, नाही' करतेस जन्मभर! हे नाही, ते नाही, झाक, पूस! मशीन उद्या झिऱ्यावर चढलं की काय राखणार आहेस, टिंबं?"

आणि ती रडायला लागली. मी तिला रडताना माझी जन्म देणारी गेली तेव्हा बघितलं होतं, त्यानंतर नाही. माझ्या हातात सुरी, हाताला चरबी, आणि काय करावं ते सुचेना. संतापानं माझं अंग तापलं होतं. त्याच्यावर, तिच्यावर, त्या गोड बोलण्यावर. आमच्याच लाजेचा फास करून आमच्याच गळ्यात घातला होता त्यानं. दाखवलं तरी गेलं, नाही दाखवलं तरी गेलं.

टिल्लीनं नाक पुसलं. आणि मग सवयीनं, बोलता बोलता आम्ही सगळ्या करतो तसं, बोटांनी वाळूत काढायला लागली. एक वर्तुळ, दुसरं, बाजूला बसलेली बाई. मग तिनं तळवा फिरवला आणि सगळं पुसून टाकलं, पुढचं काढायला जागा पाहिजे म्हणून.

मी त्या पुसलेल्या वाळूकडं बघत बसले.

कॅनव्हास आमच्याकडं कालपरवा आला हो. त्याआधी आम्ही जमिनीवर काढायचो, अंगावर काढायचो. काढायचं, गायचं, नाचायचं, आणि काम झालं की पुसायचं. पुसल्याशिवाय कुणी घरी जात नसे. आणि पुसायचं कुणी? धनिणीनं नाही. तिचा हात होत नाही, आणि होऊही नये. ते काम राखणदारणीचं. माझ्या आजीच्या वेळीही तसंच, तिच्या आजीच्या वेळीही तसंच.

या चित्राचं पुसायचंच राहून गेलं होतं.

"आई," मी म्हटलं, "तुझं सगळ्यांत चांगलं चित्र कोणतं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मग माझ्या हातातल्या सुरीकडं. म्हातारी असली तरी तिला कळायला वेळ लागत नाही.

"तेच," ती म्हणाली. मग म्हणाली, "गाणं मी म्हणते. तू तुझं काम कर."

आम्ही दोघी आत गेलो तेव्हा हॉल अर्धा रिकामा होता. न्यायाधीश टेबलाशी सँडविच खात होते. हॅलोरन फोनवर बोलत होता. टिल्ली दारातच थांबली आणि तिनं गाणं सुरू केलं. बारीक आवाजात, पण तिचा आवाज ऐकला की आमच्या बायका जिथं असतील तिथून उठतात. डल्सी उठली, बाकीच्या उठल्या, मांडीवर हात आपटत ताल धरला. मी सरळ फळीपाशी गेले आणि जिथं त्यानं बोट रोखलं होतं तिथं सुरी घातली.

रंगाचे थर जाड होते. शेपटीपेक्षा चिवट. मी गोल कापत गेले. कुणीतरी किंचाळलं. हॅलोरन फोन टाकून धावला, पण मधे डल्सी होती, आणि डल्सीला ओलांडून जायचं म्हणजे त्यालाही वळसाच घ्यावा लागला असता. मधला तुकडा ताटाएवढा सुटून माझ्या हातात आला. मी त्याची रंगाची बाजू आत दुमडली, छातीशी धरली, दाराबाहेर गेले आणि चहाच्या डब्याखालच्या जाळात घातला. काळा, घाणेरडा धूर निघाला. पिवळा बुडबुडला, पांढरा बुडबुडला, आणि मग काही राहिलं नाही. मी काठीनं राखही ढवळली.

परत आत आले तेव्हा हॅलोरनचं गुळगुळीत सगळं गेलं होतं.

"साहेब! हा गुन्हा आहे! लिहून घ्या! या बाईनं सगळ्यांच्या देखत पुरावा नष्ट केला! सगळ्यांत महत्त्वाचा पुरावा!"

मी दम खात उभी होते. फ्रॅननं तोंडावर हात धरला होता. टिल्ली गाणं संपवून पुढं आली. लहानखुरी बाई, हॅलोरनच्या कोपरालाही लागत नाही. तिनं मान वर करून त्याच्याकडं बघितलं आणि अगदी सावकाश विचारलं,

"कसला पुरावा, बाळा? तिथं तर काही नव्हतंच ना?"

न्यायाधीशांनी सँडविच खाली ठेवलं. त्यांनी चित्राच्या मधल्या भोकाकडं बघितलं, त्यातून मागची फळी दिसत होती. मग टिल्लीकडं. तिच्या गालावरून पाणी चाललं होतं आणि ती ते पुसत नव्हती. मग माझ्या काळ्या हातांकडं. मग उघड्या दाराकडं, जिथं आमचे म्हातारे पुरुष लांब झाडाखाली, हॉलकडं पाठ करून बसले होते.

"मिस्टर हॅलोरन," ते म्हणाले, "उत्तर द्या. बाईंनी काय नष्ट केलं?"

त्यानं उत्तर दिलं नाही. अजूनही दिलेलं नाही.

रस्ता वळला. हिवाळ्यात हुकूम आला, फ्रॅननं दुकानाच्या ओट्यावर उभं राहून वाचून दाखवला आणि आम्ही सगळ्या रडलो. माझ्यावर मात्र खटला आहे, दुसऱ्याच्या मालाची नासधूस केली म्हणून. दुसऱ्याचा माल! ऐकून घ्या.

टिल्ली बदलली. चित्र काढते, पण छोटी, घोरपडीची, रानकांद्याची. त्या मुलखाचं काढत नाही. एकदा मी म्हटलं, आई, काढ की, मी बसते शेजारी. ती म्हणाली, नको गं, एकदा पुसलं ना. मला त्या हॅलोरनचा त्या दिवशी आला नव्हता इतका राग तेव्हा आला. जागा वाचली, पण तिच्या हातातलं तेवढं त्यांनी नेलंच.

आणि यांच्या निर्लज्जपणाची कमाल ऐका. मागच्या महिन्यात कंपनीची एक बाई आली होती, नवीन, गुलाबी टोपी घालून. गोड हसून म्हणाली, "ते चित्र आमच्या ऑफिसात पुन्हा लावायचं आहे. मधलं भोक फार वाईट दिसतं. टिल्लीबाई तेवढा भाग पुन्हा काढून देतील का?"

टिल्ली घोरपडीच्या शेपटीला रंग देत होती. तिनं मान वर केली नाही, नुसता माझ्याकडं हात केला, तू बोल.

मी म्हटलं, "तिथं काय होतं, ते तुमच्या वकिलानं कोर्टात सांगितलंय. नुसती टिंबं. मग त्यात काय एवढं? काढा की तुमची तुम्हीच."